रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना डोक्याला मार लागला तर

अ‍ॅसिट्रॉम, वॉरफॅरिन, अ‍ॅपिक्साबॅन, क्लोपिडोग्रेल यांपैकी एखादी गोळी रोज घेणारा माणूस डोक्यावर आपटला, की घरात सहसा दोन गोष्टी पाहिल्या जातात: रक्त आलं का आणि शुद्ध गेली का. दोन्हींचं उत्तर ‘नाही’ आलं की सगळे निश्चिंत होतात. गडबड इथंच होते. या गोळ्या चालू असताना टेंगूळ केवढं आलं यापेक्षा गोळी कोणती, शेवटची कधी घेतली आणि मार लागून किती तास झाले, या तीन गोष्टींना जास्त महत्त्व आहे.

डॉक्टर अशा माराला ‘माइल्ड’ म्हणतात. शुद्धीची पातळी मोजायचं ग्लासगो कोमा स्केल नावाचं कोष्टक आहे. त्यात १५ पैकी १३ ते १५ गुण मिळाले की इजा सौम्य धरली जाते. मात्र हे गुण तपासणीच्या त्या क्षणी माणूस कसा आहे एवढंच सांगतात, कवटीच्या आत काय चाललंय ते सांगत नाहीत. गोळी न घेणाऱ्याची बारीक फुटलेली शीर बहुतेक वेळा आपोआप बंद होते. गोळी घेणाऱ्याची तीच शीर तासन्‌तास झिरपत राहू शकते.

वय जास्त असेल तर आणखी एक अडचण असते. उतारवयात मेंदू थोडा आकसतो. त्यामुळे मेंदूपासून त्याच्या आवरणाकडे जाणाऱ्या शिरा ताणल्या जातात आणि लहानशा धक्क्यानेही तुटतात. शिवाय कवटीत मोकळी जागा झालेली असल्यामुळे बरंच रक्त साचेपर्यंत दाब वाढत नाही आणि त्रासही जाणवत नाही. सत्तरीतल्या माणसाने पडल्यावर तासाभरात हसतखेळत चहा घेतला, तर बरं वाटतं, पण त्यावरून आत काही नाही असं ठरवता येत नाही.

आधी गोळी ओळखा

‘रक्त पातळ होण्याची गोळी’ या एका नावाखाली वेगवेगळ्या जातीची औषधं येतात आणि डॉक्टरांचे पुढचे निर्णय त्या जातीवर ठरतात.

पहिला गट रक्त गोठण्याच्या प्रक्रियेलाच अडवणाऱ्या औषधांचा. त्यातली जुनी औषधं म्हणजे वॉरफॅरिन आणि असेनोकौमारॉल. आपल्याकडे असेनोकौमारॉल बहुतेकांना ‘अ‍ॅसिट्रॉम’ या नावाने माहीत असतं, आणि पाकिटावर कधीकधी ‘निकुमॅलोन’ असं लिहिलेलं असतं. औषध तेच. हृदयात कृत्रिम धातूची झडप बसवलेल्या लोकांना हीच औषधं दिली जातात, नवी चालत नाहीत. आपल्या देशात लहानपणच्या संधिवाताच्या तापाने झडपा खराब झालेले रुग्ण बरेच आहेत. त्यामुळे अ‍ॅसिट्रॉम घेणारा माणूस म्हातारा असेल असं धरून चालू नका; तो पस्तिशीतला, रोज दुचाकीवर कामाला जाणाराही असू शकतो.

याच गटातली नवी औषधं म्हणजे डॅबिगॅट्रान, रिव्हरॉक्साबॅन, अ‍ॅपिक्साबॅन आणि एडोक्साबॅन. हृदयाचे ठोके अनियमित असतील, किंवा पायाच्या शिरेत वा फुफ्फुसात गुठळी झाली असेल, तर ही देतात. यांतली बरीच आता निरनिराळ्या कंपन्या निरनिराळ्या नावांनी विकतात, म्हणून कंपनीचं नाव पाठ करण्यापेक्षा पाकिटावर बारीक अक्षरात छापलेलं मूळ औषधाचं नाव बघा. पोटात टोचायची हेपारिन किंवा एनॉक्सापॅरिनची इंजेक्शनंही याच गटात मोडतात. गोळी नाही म्हणून लोक ती सांगायची विसरतात.

दुसरा गट रक्तातल्या प्लेटलेट्सना एकमेकांना चिकटू न देणाऱ्या औषधांचा: अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, प्रासुग्रेल, टिकाग्रेलॉर. अँजिओप्लास्टी होऊन स्टेंट बसला की यांतल्या दोन गोळ्या एकत्र चालू असतात. इथे जोडगोळ्यांची फसगत होते. ‘इकोस्प्रिन एव्ही’मध्ये अ‍ॅस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलचं औषध असतं, तर ‘इकोस्प्रिन गोल्ड’मध्ये त्यांच्या जोडीला क्लोपिडोग्रेलही असतं. घरचे दोन्हींना ‘इकोस्प्रिन’च म्हणतात. मेंदूतल्या रक्तस्रावाच्या दृष्टीने हा फरक लहान नाही.

क्लोपिडोग्रेलला लोक, आणि कधीकधी डॉक्टरसुद्धा, हलक्यात घेतात. कॅलिफोर्नियातल्या सहा रुग्णालयांमध्ये हजाराहून अधिक रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. डोक्याला मार लागून आलेल्यांपैकी वॉरफॅरिन घेणाऱ्या ५.१ टक्के रुग्णांच्या मेंदूत पहिल्याच तपासणीत रक्तस्राव दिसला. क्लोपिडोग्रेल घेणाऱ्यांत हे प्रमाण १२ टक्के होतं. म्हणजे ‘ती हृदयाची साधी गोळी आहे’ या समजाला फारसा आधार नाही.

पडल्यानंतरची पहिली पंधरा मिनिटं

माणसाला लगेच ओढून उभं करू नका. मान दुखते का, हातापायांना मुंग्या येतात का, हे तो आडवा असतानाच विचारा. यांतलं काही असेल तर मान हलू न देता त्याला तिथेच ठेवा आणि १०८ ला फोन करा. शुद्ध नसेल पण श्वास चालू असेल, तर मानेला आधार देत एका कुशीवर वळवा, म्हणजे उलटी झाली तरी ती श्वासनलिकेत जाणार नाही.

जखमेतून रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाची घडी ठेवून सलग पंधरा मिनिटं दाबून धरा. दर मिनिटाला कापड उचलून ‘थांबलं का’ बघितलं, की बसत आलेली गुठळी पुन्हा निघते. कापड भिजलं तर ते न काढता वर दुसरं ठेवा. हाड आत दबल्यासारखं लागत असेल तर मात्र तिथे जोर देऊ नका. टाळूच्या कातडीतून रक्त फार येतं, आणि या गोळ्यांवर असलेल्या माणसात तर एवढ्याशा खोकेनेही टॉवेल भिजतो. ते पाहून घाबरू नका, दाब सोडू नका. टेंगळावर कापडात गुंडाळलेला बर्फ धरला तर चालेल.

हळद भरणं, टेंगूळ चोळून बसवणं, शुद्धीवर आणायला कांदा किंवा चप्पल हुंगवणं, तोंडात पाणी घालणं, यांपैकी काही करू नका. शस्त्रक्रियेची गरज पडू शकते, त्यामुळे डॉक्टरांनी पाहीपर्यंत पोटात काही न गेलेलं बरं. डोकं दुखतंय म्हणून घरातल्या डब्यातली गोळी तर अजिबात देऊ नका. कॉम्बिफ्लाममध्ये आयब्युप्रोफेन असतं, व्होव्हेरान म्हणजे डायक्लोफिनॅक, डिस्प्रिन म्हणजे अ‍ॅस्पिरिनच. तिन्ही रक्तस्राव वाढवतात. द्यायचीच झाली तर साधी पॅरासिटामॉल, तीही डॉक्टरांशी बोलून.

एवढं करता करता घड्याळ बघा आणि पडण्याची वेळ कागदावर लिहा. पुढे प्रत्येक जण हीच वेळ विचारतो आणि दोन तासांनी घरात तीन वेगवेगळी उत्तरं मिळतात.

निघायचं की थांबायचं?

पुढच्यापैकी एकही खूण असेल तर थांबायचा प्रश्नच नाही. शक्यतो सीटी स्कॅन आणि न्यूरोसर्जन दोन्ही असलेलं रुग्णालय गाठा:

- थोडा वेळ का होईना, शुद्ध हरपली, किंवा पडण्याच्या आधीचं-नंतरचं आठवत नाही
- उलटी झाली, किंवा डोकेदुखी वाढतच चालली आहे
- बोलणं जड किंवा असंबद्ध, नेहमीपेक्षा जास्त झोप, विचित्र चिडचिड
- हातापायात कमजोरी, तोंड वाकडं, चालताना तोल जाणं, एकाच्या दोन वस्तू दिसणं
- आकडी, किंवा एका डोळ्याची बाहुली मोठी आणि दुसऱ्याची लहान
- नाकातून किंवा कानातून रक्त वा पाण्यासारखा द्रव, दोन्ही डोळ्यांभोवती किंवा कानामागे काळंनिळं

यांतलं काहीच नसेल, माणूस ठणठणीत असेल, तरीही पहिल्या गटातलं औषध किंवा क्लोपिडोग्रेलच्या जातीचं औषध चालू असताना त्याच दिवशी रुग्णालयात जायला हवं. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने मे २०२३ मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शक सूचनांत असं म्हटलं आहे, की या औषधांवर असलेल्या व्यक्तीला दुसरी कोणतीही धोक्याची खूण नसली तरी मार लागल्यापासून ८ तासांच्या आत सीटी स्कॅन करण्याचा विचार करावा. ८ तास उलटून गेल्यावर ती व्यक्ती आली, तर तासाभरात करावा. फक्त अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांना यातून वगळलं आहे. मात्र पासष्टीच्या पुढच्या माणसाची शुद्ध गेली असेल किंवा आठवणीत खंड पडला असेल, तर अ‍ॅस्पिरिन काय, कोणतीच गोळी चालू नसली तरी सीटी लागतोच.

‘विचार करावा’ हे शब्द मुद्दाम मऊ ठेवलेले आहेत. कपाटाचं दार हलकंसं लागलं आणि कपाळ चुरचुरलं, तर डॉक्टर तपासून सीटी नको म्हणू शकतात. पण तो निर्णय तपासणाऱ्याने घ्यायचा असतो. रात्री अकरा वाजता ‘सकाळी बघू’ म्हणणाऱ्या घरच्यांनी नव्हे.

तालुक्याच्या ठिकाणी प्रश्न येतो तो सीटीचा. जवळच्या दवाखान्यात एक्स-रे काढून ‘हाड शाबूत आहे’ सांगितलं जातं आणि लोक समाधानाने घरी येतात. कवटीच्या एक्स-रेत मेंदूतलं रक्त दिसत नाही. हाड न मोडता रक्तस्राव होऊ शकतो, आणि वयस्कर माणसात बऱ्याचदा तसाच होतो. त्यामुळे जवळचा डॉक्टर प्रथमोपचारासाठी ठीक, पण ‘सीटी कुठे होईल आणि आत्ता मशीन चालू आहे का’ हे फोनवर विचारून मगच गाडी काढा. रस्त्यावरचा अपघात असेल तर केंद्र सरकारच्या ५ मे २०२५ पासून लागू झालेल्या योजनेत ठरलेल्या रुग्णालयांत ७ दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोख पैसे न भरता उपचार मिळू शकतात. रुग्णालयाला त्याबद्दल विचारा.

रुग्णालयात पोचल्यावर

केस पेपर काढतानाच, पहिल्या वाक्यात, गोळीचं नाव सांगा. ‘बीपी-शुगर आहे आणि हृदयाची गोळी चालू आहे’ यातून कोणालाच काही कळत नाही. असं सांगा: ‘दुपारी दोन वाजता पडले. अ‍ॅपिक्साबॅन ५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. शेवटची गोळी सकाळी आठला घेतली.’ गोळी कशासाठी चालू आहे, शेवटचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा तपासणीचा आकडा) किती आणि कधीचा, क्रिएटिनिन (किडनी कशी चालते हे दाखवणारी रक्ताची तपासणी) किती, हेही हाताशी ठेवा. किडनी मंद असेल तर नवी औषधं, विशेषतः डॅबिगॅट्रान, अंगात जास्त वेळ राहतात. गोळ्यांची सगळी पाकिटं पिशवीत घालून नेली तर फारच उत्तम. गेल्या आठवड्याभरातली औषधंही सांगा. जुलाबासाठी घेतलेली मेट्रोनिडाझोल किंवा बुरशीसाठी घेतलेली फ्लुकोनाझोल वॉरफॅरिनचा परिणाम बराच वाढवते.

रक्ताच्या तपासणीबद्दल एक गैरसमज हटकून आढळतो. वॉरफॅरिन किंवा अ‍ॅसिट्रॉम घेणाऱ्यात आयएनआर महत्त्वाचा. बहुतेकांत तो २ ते ३ ठेवलेला असतो, धातूच्या मिट्रल झडपेसाठी २.५ ते ३.५. त्याच्या वर जाईल तसा धोका वाढतो. पण आयएनआर बरोबर आला म्हणजे रक्तस्राव नाही, असं होत नाही. नव्या औषधांबाबत तर आयएनआर अगदी नॉर्मल येऊनही औषधाचा पुरेपूर परिणाम चालू असू शकतो. ‘आयएनआर १.१ आहे, म्हणजे रक्त पातळ नाही’ असं कोणी म्हटलं, तर गोळीचं नाव पुन्हा एकदा स्पष्ट सांगायला संकोच करू नका.

किरणांच्या भीतीने सीटी टाळू नका. उतारवयात एका सीटीच्या किरणांचा धोका नजरेआड झालेल्या रक्तस्रावापुढे नगण्य आहे. साध्या, डाय न घालता केलेल्या सीटीने काम भागतं आणि मशीनवर काही मिनिटंच लागतात. एमआरआयसाठी अडून बसू नका.

खोक असेल तर धनुर्वाताचं इंजेक्शन मिळेल. ते स्नायूत देतात, आणि गोळी चालू असलेल्या माणसाच्या दंडात त्याने मोठी गाठ येऊ शकते. टोचण्याआधी सिस्टरना गोळीबद्दल सांगा आणि नंतर ती जागा चांगली पाच मिनिटं दाबून धरा.

आणि डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा, की माणूस पडला कसा. पाय घसरला असेल तर ठीक. पण ‘अचानक डोळ्यांपुढे अंधारी आली’, ‘छातीत धडधडलं’, ‘एक पाय लुळा पडल्यासारखा झाला’ असं असेल, तर पडण्याचं कारण हृदयात, साखरेत किंवा मेंदूत शोधावं लागतं. ईसीजी आणि साखरेची तपासणी मग राहून जात नाही.

सीटीत रक्त दिसलं तर

मग भरती करावंच लागतं, आणि गोळीचा परिणाम उतरवायचा की नाही हे ठरतं. वॉरफॅरिन-अ‍ॅसिट्रॉमसाठी शिरेतून व्हिटॅमिन के देतात, पण त्याला काही तास लागतात. त्यामुळे जोडीला गोठण्याच्या घटकांचं तयार मिश्रण, म्हणजे पीसीसी, किंवा ते नसेल तर प्लाझ्मा चढवतात. डॅबिगॅट्रानवर इडारुसिझुमॅब हा खास उतारा आहे. अ‍ॅपिक्साबॅन आणि रिव्हरॉक्साबॅनसाठी बहुतेक ठिकाणी पीसीसीच वापरतात. अ‍ॅस्पिरिन-क्लोपिडोग्रेलवर उतारा नाही. प्लेटलेट चढवायच्या का, हे शस्त्रक्रिया करायची आहे का यावर अवलंबून असतं. रक्त दिसलं म्हणजे कवटी उघडणारच, असंही नाही. लहान रक्तस्रावात औषध थांबवून, लक्ष ठेवून, पुन्हा सीटी करून बऱ्याच जणांचं निभावतं.

सीटी नॉर्मल आला तर

उशिरा रक्तस्राव होण्याची शक्यता उरते, पण ती थोडी असते. वर सांगितलेल्या अभ्यासात पहिला सीटी स्वच्छ असलेल्या वॉरफॅरिनच्या रुग्णांपैकी ०.६ टक्क्यांत नंतर रक्त दिसलं. इटलीतल्या एका लहान अभ्यासात ते प्रमाण बरंच जास्त आलं होतं, म्हणून काही ठिकाणी २४ तास ठेवून घेऊन दुसरा सीटी करण्याची पद्धत पडली. अमेरिकेतल्या आपत्कालीन वैद्यकतज्ज्ञांच्या संघटनेचं २०२३ चं मत याच्या उलट आहे: पहिला सीटी नॉर्मल आणि माणूस नेहमीसारखा असेल तर सरसकट भरती किंवा दुसरा सीटी नको. मला हे पटतं, एका अटीवर. घरी पाहणारं कोणीतरी हवं. मुलं परगावी किंवा परदेशात आणि घरी एकटीच आई, किंवा तितकेच थकलेले दोघं, असं असेल तर ते डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा आणि एक रात्र ठेवून घ्यायला सांगा. आयएनआर खूप वाढलेला असेल, दोन प्रकारच्या गोळ्या एकत्र चालू असतील किंवा रुग्णालय दोन तासांवर असेल, तरीही एक रात्र राहिलेलं बरं.

घरी आणल्यावर पहिले २४ तास कोणीतरी सोबत हवं. ‘झोपू द्यायचं नाही’ हा जुना समज सोडून द्या. माणूस थकलेला असतो, त्याला झोपू द्या. मात्र पहिल्या रात्री दर दोन-तीन तासांनी हलवून पूर्ण जागं करा आणि नुसतं ‘हं’ यावर समाधान मानू नका. नातवाचं नाव विचारा, आज वार कोणता ते विचारा, दोन्ही हातांनी तुमची बोटं दाबायला सांगा, उठून दोन पावलं टाकायला सांगा. उठवूनही नीट जाग येत नसेल, उत्तर चुकत असेल, एक हात ढिला लागत असेल, उलटी होत असेल, तर लगेच पुन्हा रुग्णालय गाठा. आधीचा सीटी नॉर्मल होता म्हणून थांबू नका.

त्या दिवसांत दारू आणि डॉक्टरांनी न दिलेल्या झोपेच्या गोळ्या बंद. गाडी चालवणं थोडे दिवस टाळा. हलकी डोकेदुखी, थकवा, आवाजाचा त्रास, लक्ष न लागणं हे काही दिवस राहू शकतं. ते कमी होत जायला हवं.

पुढची गोळी घ्यायची का?

फोनवर सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. मार लागल्यावर सीटी होण्याआधी गोळीची वेळ आली, तर ती डॉक्टरांना विचारूनच घ्या. तुम्ही काही तासांत त्यांच्यासमोर असणारच आहात.

सीटी नॉर्मल आल्यानंतर मात्र घाबरून स्वतःहून गोळी बंद ठेवू नका. धातूची झडप असेल तर तिच्यावर गुठळी बसून ती अडकते. काही महिन्यांपूर्वी स्टेंट बसला असेल तर तो बंद पडून हृदयविकाराचा झटका येतो. ठोके अनियमित असतील तर लकवा मारू शकतो. बहुतेकांची गोळी आहे तशीच चालू ठेवली जाते, कधी एखादा डोस वगळला जातो किंवा आयएनआरनुसार मात्रा कमी केली जाते. डिस्चार्ज कार्डावर ‘पुढचा डोस अमुक वारी, अमुक वेळी’ असं लिहून मागा. तोंडी सांगितलेलं घरी पोचेपर्यंत बदलतं. रक्तस्राव झाला असेल तर गोळी पुन्हा कधी सुरू करायची, हे न्यूरोसर्जन आणि हृदयरोगतज्ज्ञ दोघांनी मिळून ठरवायचं असतं. एकाने बंद केली आणि दुसऱ्याला पत्ताच नाही, असं होऊ देऊ नका. एकाचा कागद दुसऱ्यापर्यंत पोचवायचं काम घरच्यांनाच करावं लागतं.

दोन-तीन आठवड्यांनंतर

एका प्रकारचा रक्तस्राव अगदी सावकाश होतो. मेंदूच्या आवरणाखाली थेंबाथेंबाने रक्त साचतं आणि मार विसरला गेल्यावर, दोन-तीन आठवड्यांनी, कधी दोन महिन्यांनी त्रास सुरू होतो. आजोबा हल्ली गप्प असतात, पाय ओढत चालतात, दिवसा झोपतात, लघवीचं भान राहत नाही, नावं विसरतात. ‘वय झालं’ किंवा ‘विसरण्याचा आजार सुरू झाला’ असं म्हणून हे सोडून दिलं जातं. त्याआधीच्या महिना-दोन महिन्यांत डोक्याला काही लागलं होतं का, हे आठवून डॉक्टरांना सांगा आणि सीटी करून घ्या. कवटीला लहानसं छिद्र पाडून हे साचलेलं रक्त काढता येतं आणि त्यानंतर बरेच रुग्ण पुन्हा नीट चालू-बोलू लागतात.

आधीच करून ठेवायचं

पाकिटात, पर्समध्ये किंवा मोबाइलच्या मागच्या कव्हरमध्ये एक चिठ्ठी ठेवा: नाव, रक्तगट, मूळ औषधाचं नाव, मात्रा, वेळ, कारण, घरचा फोन. अ‍ॅसिट्रॉमची मात्रा दर महिन्याला बदलते, तेव्हा चिठ्ठीही बदला. दुचाकीवर मागे बसतानासुद्धा हेल्मेट घाला. रात्री लघवीला उठताना आधी मिनिटभर पलंगाच्या कडेला बसा, मग उभं राहा. रक्तदाबाच्या आणि प्रोस्टेटच्या गोळ्यांनी उभं राहताच चक्कर येते. वर्षात दोनदा कोणी पडलं असेल, तर डॉक्टरांना झोपेच्या, रक्तदाबाच्या आणि प्रोस्टेटच्या गोळ्या पुन्हा तपासायला सांगा. रक्त पातळ करणारी गोळी सर्वांत शेवटी.